तीन वायूंची शेगडी

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या स्वयंपाकघराचे नूतनीकरण करावयाचे ठरले, तेव्हा सर्वांत अधिक चर्चा झाली ती गळक्या कौलांची नव्हे, उखडलेल्या लादीचीही नव्हे, तर कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका जुन्या शेगडीची. इंग्रज माणूस तिला ‘गॅस कुकर’ म्हणतो. आपल्याकडे कुकर म्हणजे शिट्टी वाजविणारे भांडे. म्हणून मी तिला शेगडीच म्हणेन. मात्र ओट्यावर मांडायची ती ही शेगडी नव्हे. बिडाच्या चार पायांवर ती जमिनीवर उभी राहते. वर चार बर्नर, खाली जड दाराची भट्टी, बाहेरून करड्या रंगाचे एनॅमल आणि बाजूला आकडे कोरलेली एक चकती. तिला हलवायचे म्हटले की चार धट्टेकट्टे तरुण लागतात आणि तेही मध्ये एकदा खाली ठेवून दम घेतात.

धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवहीत तिच्याविषयी एकच ओळ आहे : माझगावच्या एका कुटुंबाकडून भेट. साल लिहिलेले नाही. पाळकीय परिषदेत तिच्यावरून दोन तट पडले. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे, भंगारवाल्याला देऊन टाकावी; बिडाला भाव चांगला आहे. तरुणांचे म्हणणे, अशी वस्तू आता मिळत नाही, घासूनपुसून दर्शनी खोलीत ठेवावी आणि तिच्यावर फुलदाणी मांडावी. गेली तीस वर्षे त्या शेगडीशी रोज ज्यांचा संबंध आला त्या आमच्या स्वयंपाकघरातील मावशींना कोणी विचारलेच नव्हते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, फुलदाणी ठेवायला टेबल पुष्कळ आहेत. सणाच्या आदल्या रात्री सोळा थाळ्या भाजायच्या असतात, त्या कुठे भाजू ते सांगा.” नाताळ आणि धर्मग्रामाचा सण या दोन वेळी शेजारपाजारच्या आळींतून थाळी स्वीटच्या आणि केकच्या थाळ्या आमच्या स्वयंपाकघरात येतात, हे परिषदेला ठाऊक होते. शेगडीचा विचार करताना मात्र ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

तेव्हा शेगडी ठेवायची, एवढे ठरले. खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. गेल्या काही वर्षांत वसईच्या काही भागांत स्वयंपाकाचा गॅस नळाने येऊ लागला आहे. नूतनीकरणाबरोबर आमच्याकडेही नळाची जोडणी घ्यायची होती. शेगडी आजवर सिलिंडरवर चालली होती. “नळी काढायची, दुसरी लावायची, त्यात काय एवढे?” असे एका उत्साही गृहस्थांनी सभेतच सांगून टाकले. ‘गॅस’ हा एकच शब्द आपण तीन अगदी वेगळ्या पदार्थांना लावतो, त्यामुळे ही समजूत होते आणि तीच घातक आहे.

आमच्या शेगडीने यांतील दोन पदार्थ पाहिले आहेत; आता तिसरा पाहायचा होता. ती घडविली गेली कोळशाच्या वायूसाठी. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते याच वायूवर. बंद भट्टीत कोळसा तापवून तो काढीत आणि पुढे तोच काही घरांच्या स्वयंपाकघरांपर्यंत नळाने जात असे. त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, बराचसा मिथेन आणि थोडा, पण प्राण घेण्यास पुरेसा, कार्बन मोनॉक्साइड असे. दुसरा पदार्थ सिलिंडरमधला : प्रोपेन आणि ब्युटेन यांचे दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण. इंडियन ऑइलने ‘इंडेन’ची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यात दिली, त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत आपल्या चुली आणि स्टोव्ह हळूहळू मागे पडले. तिसरा हा आताचा नळाचा, म्हणजे नैसर्गिक वायू, बहुतांशी मिथेन.

सारख्याच आकारमानाचे हे तीन वायू जाळले आणि कोळशाच्या वायूची उष्णता एक धरली, तर नैसर्गिक वायूची सुमारे दोन भरते आणि सिलिंडरमधल्या वायूची पाचाच्याही पुढे जाते. बर्नरला गॅस पुरविणारे पितळी तोंड, ज्याला फिटर ‘जेट’ म्हणतात, त्याच्या बारीक भोकाचा आकार या हिशोबावर ठरतो. सिलिंडरच्या गॅसला सर्वांत बारीक भोक, कोळशाच्या वायूला सर्वांत मोठे, नैसर्गिक वायूला मधले. सिलिंडरचे जेट तसेच ठेवून नळाचा गॅस सोडला, तर ज्योत मिणमिणेल आणि भात शिजायला दुपार होईल, एवढ्यावरच निभावते. पण उलट घडले, म्हणजे मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस सुटला, तर ज्योत पिवळी आणि लांब होऊन भांड्याच्या बाहेर येते, काजळी धरते आणि स्वयंपाकघरात विष साठू लागते. सेमिनरीत आम्ही अ‍ॅरिस्टॉटलचे ‘द्रव्य’ आणि ‘आकार’ घोकून पाठ केले होते. हरभऱ्याएवढ्या त्या पितळी तुकड्यातले भोक भिंगातून पाहताना ती जोडी मला कित्येक वर्षांनी पुन्हा आठवली.

येथे एका गृहस्थांनी स्वस्तातला मार्ग सुचविला. त्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक जुन्याच जेटमध्ये बारीक ड्रिल फिरवून भोक मोठे करून देतो. दहा मिनिटांचे काम. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि म्हणूनच मला त्याविषयी स्पष्ट लिहावयाचे आहे. जेटचे भोक मिलिमीटरहूनही लहान असते. हाताने फिरविलेले ड्रिल किंचित तिरके गेले की भोक गोल राहत नाही, कडांना बारीक कपचे उरतात, गॅसचा झोत सरळ न जाता एका बाजूला झुकतो आणि त्याच्यात हवा पुरेशी मिसळत नाही. बाहेरून पाहता शेगडी पेटते, चहाही होतो. दोष डोळ्यांना दिसत नाही. मी त्या गृहस्थांना नकार दिला. ते थोडे दुखावले. त्याला इलाज नव्हता.

माझ्या नकारामागे एक आठवण होती. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका तरुण पतिपत्नीचा दफनविधी मला एकाच दिवशी, एकाच मिस्साबलिदानात करावा लागला. न्हाणीघरातील गॅसचा गीझर, बंद खिडकी, बंद दार. दोघांच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. निजल्यासारखे चेहरे होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, माणसाला वाटते पित्त झाले असेल, आणि उठून दार उघडावे एवढे त्राण पायांत उरत नाही. ‘नळाचा गॅस विषारी नसतो’ असे आता जाहीरपणे सांगतात. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड नसतो हे खरेच आहे. पण अपुऱ्या हवेत जळला की तो कोणताही गॅस निर्माण करतो. त्या मुलीच्या आईने कबरीजवळ मला विचारले होते, “फादर, वास तरी यायला नको होता का?” त्या वेळी मी तिला काही समजावून सांगितले नाही, ती वेळच नव्हती. पण पुढे प्रत्येक घराच्या आशीर्वादाला गेलो की न्हाणीघराचा झरोका उघडा आहे का, हे पाहण्याची मला सवय लागली ती लागलीच.

आमच्याच धर्मग्रामातील एक काका मुंबईच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तीसपस्तीस वर्षे गॅसचे काम करून निवृत्त झाले आहेत. मितभाषी आणि हट्टी गृहस्थ. त्यांनी शेगडी दोन दिवस नुसती उघडून पाहिली. मग म्हणाले, “जेट बदलून भागणार नाही, फादर. बर्नरच बदलायला हवेत.” कारण असे : हायड्रोजन झपाट्याने जळतो, मिथेन संथपणे. कोळशाच्या वायूसाठी घडविलेल्या बर्नरवर नैसर्गिक वायू पेटविला की ज्योत छिद्रांवर ठरत नाही. ती उचलली जाते, फुरफुरते आणि विझते. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सारा देश कोळशाच्या वायूवरून नैसर्गिक वायूवर नेण्यात आला. तेव्हा तंत्रज्ञ घरोघरी जाऊन, आळीमागून आळी घेत, कोट्यवधी उपकरणांचे बर्नर आणि जेट बदलत होते. आमच्या शेगडीचे बर्नर सिलिंडरवर कसेबसे चालले होते, कारण मधल्या काळात कोणी तरी त्यांत फेरफार केले होते. पण ते फेरफार नेमके कोणते, हे सांगणारा आज कोणी नाही. काकांनी वरचे चारही बर्नर नवे, नैसर्गिक वायूसाठीच बनविलेले बसविले. नळाला आणि शेगडीच्या नळीला जोडणाऱ्या जुन्या चाव्याही काढल्या. त्या चाव्यांचा आतला दट्ट्या निमुळता असतो. त्याचे वंगण सुकले की फटीतून गॅस झिरपतो. शिवाय त्या नुसत्या बोट लावताच फिरत. आमची वेदीसेवक मुले मिस्सानंतर स्वयंपाकघरात चहाबिस्किटांसाठी घुटमळतात आणि त्या चाव्या रेडिओसारख्या फिरवून बघतात, हे मावशींनी अनेकदा पाहिले होते. आताच्या चाव्या आत दाबल्याशिवाय वळत नाहीत.

वरचा भाग असा तुलनेने सोपा गेला. खरी कसोटी भट्टीची होती आणि तिथे मी थोडा रेंगाळणार आहे.

बाजूच्या चकतीवरचे आकडे ही त्या काळची मोठी युक्ती होती. ‘रेग्युलो’ या नावाने ती १९२३ साली इंग्लंडमधल्या ‘न्यू वर्ल्ड’ शेगड्यांवर प्रथम आली. तोवर भट्टीत हात घालून किंवा कागदाचा कपटा किती वेळात तांबूस होतो ते पाहून उष्णतेचा अंदाज घेत. चकतीमागे पितळेची एक नळी असते आणि नळीत इन्व्हार या मिश्रधातूची कांडी. पितळ तापले की लांबते. इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. या दोहोंतील फरकाने एक झडप हळूहळू मिटत जाते आणि गॅस कमी होतो. इन्व्हारचा शोध शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ साली लावला आणि त्या कार्यासाठी त्यांना १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला चार म्हणजे केक आणि सात म्हणजे कोंबडी, एवढे ठाऊक आहे.” तेही बरोबरच आहे. चार म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअस. पुढचा प्रत्येक आकडा पंचवीस अंश फॅरनहाइटने चढतो.

पण झडप पूर्ण मिटली तर ज्योत विझेल. म्हणून तिच्या बगलेतून एक बारीक वाट ठेवलेली असते. तिच्यातून येणाऱ्या गॅसवर छोटी ज्योत तेवत राहते. गॅसचा प्रकार बदलला की या बगलेच्या वाटेचा आकारही बदलावा लागतो आणि नेमके हेच घाईत विसरले जाते. ती वाट फार बारीक राहिली तर ज्योत विझते, भट्टी थंड होते, पितळ आखडते, झडप पुन्हा उघडते, आणि विझलेल्या बर्नरमधून बंद दाराआड गॅस भरत राहतो. कोणी दार उघडून काडी ओढली की काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही. जुन्या भट्टीला ज्योत विझल्याची जाणीव नसते. नव्या भट्ट्यांत ज्योतीच्या टोकाशी थर्मोकपल नावाची दोन धातूंची कांडी असते. ती तापलेली असेतोवर तिच्यात सूक्ष्म वीज निर्माण होते आणि त्या विजेवरचे छोटे चुंबक झडप उघडी धरून ठेवते. ज्योत विझली, कांडी निवली, चुंबकाची पकड सुटली, झडप बंद. विजेचे बटण नाही, सेल नाही, माणसाच्या दक्षतेवर काही सोपविलेले नाही. काकांनी हॉटेलच्या भट्ट्यांना लागणारी अशी झडप आणली. ती बसवून चाचणी होईपर्यंत भट्टीला गॅस जोडायचा नाही, असे गॅस कंपनीच्या तंत्रज्ञाने बजावले होते. ते आम्हाला पटलेलेच होते. सुमारे दीड महिना वरचे बर्नर चालू आणि भट्टीच्या नळीला पितळी टोपण, अशी स्थिती होती.

भट्टीच्या दाराभोवतीची दोरी आणि मागचा पत्रा यांविषयी काकांनी सर्वांना दूर राहायला सांगितले. त्या काळच्या अशा वस्तूंत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा. त्याचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षे तिथेच राहतात आणि वीसतीस वर्षांनीही जीवघेणा आजार उद्भवतो. ब्रिटनने १९९९ साली त्याच्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे त्याचे सिमेंटचे पत्रे अजून छपरांवर दिसतात. ती दोरी कोरडी खरवडली नाही. पाण्याने भिजवून, मास्क लावून, अलगद उचलून, दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद केली. तिच्या जागी काचतंतूंची दोरी आली. झाडूवाल्या मुलाने आधीच ब्रश हातात घेतला होता; त्याला वेळीच थांबविले.

मग गवंड्याशी वाद. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून आमच्या जुन्या स्वयंपाकघराला खाली जाळीचे झरोके होते. नैसर्गिक वायू हवेहून हलका, तो छताकडे जातो. नव्या आराखड्यात विजेची चिमणी बसवायची म्हणून गवंडी नेमका वरचा झरोका बुजवायला निघाला होता. तो वाचविला, खालचाही ठेवला. गॅसचा पाइप टाइल्सच्या आड लपविला की भिंत सुंदर दिसते, हे त्याचे म्हणणे खरे होते. पण गळती झाली तर ती भिंतीआड होते आणि पुढे कोणी तरी खिळा ठोकतो. पाइप बाहेरूनच राहिला. बंद करण्याची मुख्य चावी शेगडीच्या मागे न ठेवता बाजूला, ज्योतीवरून हात न नेता पोहोचता येईल अशी बसविली. पोलादी तारेची वेणी असलेली रबरी नळी भट्टीच्या पाठीमागून न्यायची नाही, ती तिथे भाजून निघते. भट्टीच्या पाठीमागची धुराची वाटही भिंतीला टेकवून मोकळीक घालवायची नाही. शेगडीला भिंतीशी साखळीने बांधले, कारण उघड्या दारावर जड थाळी टेकवली की अशी शेगडी पुढे कलू शकते.

शेवटची चाचणी मला फार आवडली, कारण तिच्यात काहीच गूढ नव्हते. यू आकाराची काचेची नळी, तिच्यात रंगीत पाणी. एक टोक गॅसच्या वाटेला जोडलेले. नळाच्या गॅसचा दाब पाण्याच्या दोन पातळ्यांत सुमारे एकवीस सेंटिमीटरांचे अंतर पाडतो. सिलिंडरच्या रेग्युलेटरमागे ते तिसाच्या आसपास असते. मुख्य चावी बंद करून आम्ही सारे त्या नळीकडे पाहत बसलो. पाणी हलले नाही तर गळती नाही. पहिल्या खेपेस दोन मिनिटांत ते केसभर उतरले. साबणाच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक सांध्यावरून फिरविला, तेव्हा एका सांध्याशी मोहरीएवढा बुडबुडा धरला. काडी पेटवून गळती शोधणारी माणसे मी पाहिली आहेत. ती अजून हयात आहेत, हा त्यांच्या पुण्याईचा भाग. तो सांधा पुन्हा आवळला. दुसऱ्या खेपेस पाणी जागच्या जागी राहिले. मग काकांनी भट्टी पेटवून मुद्दाम ज्योत विझविली आणि घड्याळ लावले. मिनिट पुरे होण्याआधी आत ‘टक्’ असा आवाज झाला. झडप मिटली होती.

पैशाच्या दृष्टीने हा व्यवहार शहाणपणाचा नव्हता. एवढ्या खर्चात नवी, चांगली, मानकाची खूण असलेली भट्टी आली असती आणि ज्या घरी वर्षातून दोनदाच केक होतो त्यांनी तीच घ्यावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. हे वाचून कोणी माळ्यावरची आजीची शेगडी खाली काढून ओळखीच्या मेकॅनिकला बोलावू नये. आमच्याकडे सोळा थाळ्यांचा प्रश्न होता आणि काका होते. दोन्ही गोष्टी एकत्र क्वचित जुळतात.

धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या शनिवारी मावशींनी चकती चारवर ठेवली आणि पहिली थाळी आत सरकविली. पाऊण तासाने दार उघडले, तेव्हा रवा-नारळाचा वास अंगणापर्यंत गेला. वेदीसेवक दारात जमलेच होते. थाळीचा डावा कोपरा मात्र थोडा जास्त करपला होता. “पुढच्या वेळी मध्येच फिरवून ठेवीन, एवढे काय त्यात,” मावशी म्हणाल्या. काकांना ते पटले नाही. त्यांच्या मते नव्या दोरीमुळे दार एका बाजूला घट्ट बसत होते. भट्टी निवेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, थाळी स्वीटचे दोन तुकडे खाल्ले आणि पिशवीतून पान्हा काढून बिजागरीपाशी जमिनीवर बसले.